खंडेनवमीच्या पाटावरचं कार्ड

माणूस दारातून आत कसा येतो, ते मी आधी पाहते. रंगभूमीवर अर्धं आयुष्य गेल्यावर ही सवय सुटत नाही. काहीजण उंबऱ्यावरच क्षमा मागत असल्यासारखे येतात, काहीजण टाळ्यांची वाट बघत. यमुना आली की पिशवी खिळ्याला अडकते, पदर कमरेला खोचला जातो आणि "अक्का, चहा टाकू काय?" याला मी उत्तर देईपर्यंत गॅस पेटलेला असतो. प्रवेश असा करावा. मी तर आमच्या कंपनीतल्या भल्याभल्या नायिकांना तो जमलेला पाहिला नाही.

धारवाडच्या सप्तापुरात माझं दोन खोल्यांचं घर आहे. यमुना सकाळी माझा स्वयंपाक करून जाते. तिचं सासर अळणावरजवळच्या खेड्यात. नवरा धोंडिबा रायापूरला एका गोदामावर रखवालदार आहे, म्हणून दोघं तिथंच भाड्याच्या खोलीत राहतात. पण त्यांचं खरं घर म्हणजे गावाकडचं, आणि त्या घराचा कारभार धोंडिबाच्या थोरल्या भावाकडे, परसूकडे. दोघं भाऊ एकत्र. शेत एकत्र, चूल एकत्र आणि बँकेचं खातंही एकच, परसूचं.

ते तसं का झालं, त्यात वावगं काही नव्हतं. यमुना आधी एका कंत्राटदाराच्या उपाहारगृहात पोळ्या लाटायची. त्यानं पगार बँकेत भरायचा ठरवला तेव्हा घरात बँकेची पायरी चढलेला माणूस एकटा परसूच होता. त्याच्या खात्यात यमुनाचा पगार पडू लागला आणि पडतच राहिला. परसूनं त्यातला पैसा खाल्ला नाही, हे यमुना स्वतः सांगते. घरावर पत्रे आले, विहिरीवर मोटार आली, ते त्यातूनच. पण तिला स्वतःला काही हवं असलं की गावी जायचं, थोरल्या दिरापुढे डोक्यावरचा पदर सारखा करत उभं राहायचं, आणि तो विचारायचा, "कशाला पायजेत?"

"अक्का," ती एकदा मला म्हणाली, "दिराला काय सांगू? परकर फाटलाय म्हणून सांगू? मग मी म्हणायची, देवाचं सामान आणायचं हाय. कापूर, उदबत्ती. एवढा कापूर कुणी जाळला नसंल बघा गावात."

मी हसले. ती हसली नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या गल्लीपलीकडे मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या शालिनीबाईंनी तिला बोलावलं. मेस सांभाळायची, हाताखाली दोन बायका, पगार आधीपेक्षा बराच जास्त. अट एकच. शालिनीबाई म्हणाल्या, "पगार बँकेतच जमा करते मी. आणि जी बाई चुलीपुढे उभी राहते, तिच्याच खात्यात. नवऱ्याच्या नाही, भावाच्या नाही. मागं एकदा फार तंटे झाले माझ्याकडे. दसऱ्यानंतर कामाला लाग, तोवर खातं काढून आण."

धोंडिबा त्या संध्याकाळी तिला घ्यायला माझ्याकडे आला होता. भला माणूस, पण भावापुढे मान वर करायची सवय नाही. म्हणाला, "दादाचं खातं हाय की. तेच द्यायचं. बाईंना मी सांगतो."

"दादा येणार हायत काय भाकरी थापायला?" यमुना म्हणाली.

"तसं न्हवं ग."

"मग कसं?"

तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला. यमुनानं पिशवी उचलली आणि त्याच्यापुढे चालू लागली.

पहिली चूक मी केली. माझं खातं हुबळीला देशपांडे नगरात, एका काचेच्या दारांच्या बँकेत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच होतं, म्हटलं हिलाही घेऊन जाऊ. आत थंडगार हवा, टाय घातलेला तरुण, पाण्याचा ग्लास. त्यानं फार अदबीनं सांगितलं, खातं आत्ता उघडून देतो, फक्त पाच हजार रुपये कायम शिल्लक ठेवावे लागतील. कमी झाले तर दंड.

"पाच हजार कायमचे ठेवायला असते तर बँक कशाला? ट्रंक हाय की माझ्याकडं," यमुना म्हणाली आणि त्याचं पाणी न पिता उठली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती. रायापूर आलं, तिचा थांबा. मी म्हटलं, "ऊठ, उतरायचं आहे तुला." ती बसूनच राहिली. "धारवाडला येते. शालिनीबाईंना आजच विचारायचं, दुसऱ्या बाया काय करतात ते."

शालिनीबाईंनी सांगितलं ते सोपं होतं. सरकारी बँकेत साधं बचत खातं मिळतं, शिल्लक शून्य असली तरी चालतं. महिन्यातून चार वेळा पैसे काढता येतात आणि कार्डही फुकट असतं. "मात्र," त्या म्हणाल्या, "आपण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि मागितलं तर कार्ड कशाला म्हणतात. तेव्हा न बिचकता माग."

न बिचकता मागणं! म्हणजे माझं क्षेत्र. मी त्याच दुपारी तालीम लावली. जेवणाचं टेबल झालं काउंटर, मी चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन झाले कारकून. यमुनाला स्वयंपाकघराच्या दारातून प्रवेश दिला.

"काय पाहिजे?" मी खेकसले.

"खातं पायजे जी, मेहरबानी करून..."

"थांब. मेहरबानी काढून टाक. जी काढून टाक. हात बांधू नकोस. पुन्हा ये."

ती पुन्हा आली. मी सर्व्हर बंद असल्याचं सांगितलं, साहेब रजेवर पाठवले, तिला उद्या यायला सांगितलं. मी शब्द वाढवत गेले, ती कमी करत गेली. शेवटी तिच्याकडे एकच वाक्य उरलं: "माझ्या नावाचं, शून्य शिलकीचं, कार्डासकट." ते तिनं इतक्या शांतपणे म्हटलं की मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अक्का, तुम्ही फार ओरडता," ती म्हणाली. "बँकेतला माणूस एवढा ओरडत नसंल."

खरंच, तो ओरडला नाही. गुरुप्रसाद नावाचा तो कारकून थकलेला, मऊ आवाजाचा होता, आणि मऊ आवाजाच्या माणसाशी लढणं कठीण. कागद पाहिले, आधार पाहिलं, खातं उघडायला त्याची हरकत नव्हती. पण कार्डाचं नाव काढताच कन्नडमध्ये म्हणाला, "कार्ड याक बेक री अक्का? पासबुक साकल्ल." पासबुक पुरे आहे की, कार्ड कशाला. मग समजुतीनं पुढे सांगू लागला, मशीनमध्ये बायकांचं कार्ड अडकतं, पिन विसरतात, कुणीतरी फसवतं, मग रडत आमच्याकडेच येतात.

माझ्या अंगात जुनी राणी जागी झाली. मी तोंड उघडणार, एवढ्यात यमुनानं माझ्याकडे न बघताच हात आडवा धरला. आणि माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार कन्नडमध्ये तिनं तेच वाक्य म्हटलं. माझ्या नावाचं, शून्य शिलकीचं, कार्डासकट.

त्यानं पुन्हा पासबुकाची थोरवी सांगितली. तिनं पुन्हा वाक्य म्हटलं. मागं रांगेत कुणीतरी खोकलं. तो हसला, कपाळ पुसलं आणि कार्डाच्या चौकटीत खूण केली. मोबाइल नंबर तिनं स्वतःचा दिला.

"कार्ड पोस्टानं येईल," तो म्हणाला, "आधारवरच्या पत्त्यावर."

यमुनाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. आधारवर पत्ता होता गावचा. आणि गावच्या घरी येणारं प्रत्येक पाकीट पोस्टमन परसूच्या हातात देतो, मग ते कुणाच्याही नावाचं असो.

"इथंच ठेवा, मी येऊन नेते," ती म्हणाली. ते नियमात बसत नव्हतं. पत्ता बदलायचा तर भाड्याचा करार हवा, आणि खोलीमालक करार करून देत नव्हता. ती पुढच्या रविवारी गावी जाऊन पोस्टमनलाच भेटून आली. माझं पाकीट माझ्याच हातात द्यायचं, म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलवली आणि पाकीट आल्यावर नेहमीसारखं परसूला देऊन टाकलं.

बातमी धोंडिबानं आणली, तीही खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. "तुझं कार्ड आलंय. दादानं फोडून बघितलं. उद्या पूजेला मांडणार म्हणला."

"पूजेला?" मी विचारलं.

"हत्यारांबरोबर, अक्का. घरात आलेली नवी वस्तू हाय न्हवं."

यमुना माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "दर वर्षी बोलावते, तुम्ही कधी येत नाही. यंदा चला गावाला." माझे गुडघे नको म्हणत होते. पण असा अंक चालू असताना घरी बसणं माझ्या रक्तात नाही. मी तिच्या जावेसाठी एक साडी घेतली आणि सकाळच्या गाडीला बसले.

त्यांच्या घरी खंडेनवमीला सोप्यात मोठा पाट मांडतात. त्यावर घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून ठेवलेली होती: कुऱ्हाड, विळे, पहार, नांगराचा फाळ, थोरल्या जावेची शिवणाची कात्री, ट्रॅक्टरची किल्ली. प्रत्येकावर हळदकुंकवाचे पट्टे आणि झेंडूचं फूल. आणि कात्री व किल्लीच्या मधोमध ते निळं कार्ड. परसूनं त्यालाही बोट ओलं करून भरपूर हळदकुंकू लावलं होतं. वर अक्षता.

त्या घराची रीत अशी की नवमीला पाटावर गेलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलायचं नाही. त्याला विश्रांती. दसऱ्याच्या सकाळी घरातला कर्ता पुरुष एकेक उचलतो, कपाळाला लावतो आणि ज्याचं त्याच्या हातात देतो. मधे कुणी उचललं तर ते हत्यार वर्षभर उचलणाऱ्यालाच इजा करतं, असं मानतात.

"बघितलंस न्हवं, कसं ठेवलंय," परसू यमुनाला म्हणाला. रागीट वगैरे नाही, उलट खुशीतच होता. दणकट, टक्कल पडलेला, दमदार आवाजाचा माणूस. कंपनीत असता तर सेनापतीचं काम नक्की मिळालं असतं. "आता घरात दोन कार्डं झाली. दोन्ही माझ्या पेटीत राहतील. तू रायापूरला भाड्याच्या खोलीत कुठं सांभाळणार? पायजे तेव्हा सांग, काढून देईन."

यमुनानं पदर सारखा केला आणि पुरण वाटायला आत गेली.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले. सोप्यात पाट, समई आणि एक मांजर. मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या कानाशी लागले. "आत्ता घे. कोण बघतंय? देवाला मी समजावीन."

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "चोरून घेतलं तर चोरीचंच होईल, अक्का. मग जन्मभर लपवत बसायचं. मला लपवायचं न्हाई."

"आणि उद्या त्यांनी पेटीत टाकलं तर?"

"उद्याचं उद्या."

अशा वेळी नटाला विंगेत उभं करून ठेवलं की तो नखं खातो. यमुना मात्र घासलेल्या ताटांची चळत लावून परत सगळ्यांच्या चहाला लागली.

दसऱ्याच्या सकाळी सगळे आंघोळी करून सोप्यात जमले. परसू नव्या धोतरात पाटापुढे बसला. कुऱ्हाड उचलली, कपाळाला लावली, धोंडिबाला दिली. विळे कामाच्या गड्यांना दिले. कात्री बायकोला दिली, तिनं ती डोळ्यांना लावली. ट्रॅक्टरची किल्ली पुन्हा धोंडिबाला दिली. मग त्यानं कार्ड उचललं, कपाळाला लावलं आणि त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे वळला.

"भावजी."

यमुना स्वयंपाकघराच्या दारातून सोप्यात आली. डोक्यावर पदर होता, पण नजर खाली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी पदराचं टोक पुढे पसरलं होतं, ओटी घेताना धरतात तसं.

"ट्रॅक्टर कुणाच्या पैशाचा?" तिनं विचारलं.

परसू गोंधळला. "माझ्या नावावर हाय. कर्ज मी काढलं. का?"

"मग किल्ली ह्यांना का दिली?"

"गावी आला की तोच चालवतो म्हणून."

"कात्री जाऊबाईंना का?"

"ती शिवते म्हणून. काय कोर्टात उभी हाईस काय तू?"

"न्हाई. तुमचीच रीत सांगते. चालवणाऱ्याच्या हातात द्यायचं. हे मी चालवणार. भाकऱ्या मी थापणार, पगार माझा त्यात येणार, पिन मी ठरवणार."

"पिन मला सांग, मी काढून आणून देतो. तुला कशाला मशीनपुढं..."

"पिन कुणाला सांगायचा न्हाई, असं बँकेनं बजावलंय."

"मी कुणाला काय? घरातला हाय की!"

"ह्यांना पण सांगणार न्हाई," यमुना धोंडिबाकडे बोट करून म्हणाली.

धोंडिबा कुऱ्हाड घेऊन उभा होता. एवढा वेळ तो छताकडे बघत होता. तो एकदम म्हणाला, "मला नगोच दादा. माझ्या डोक्यात राहत न्हाई." कामाचे गडी हसले. थोरली जाऊही हसली, पदरात तोंड लपवून म्हणाली, "अहो, द्या की. किती वेळ पदर धरून उभी राहणार ती?"

परसू हसला नाही. कार्ड त्याच्या बोटांत होतं. आवाज खाली आणून, जणू सोप्यात दोघंच आहेत असं, त्यानं विचारलं, "आणि घरात काय देशील? वेगळी चूल मांडायचा विचार हाय काय?"

मला तेव्हा कळलं की या धिप्पाड माणसाला कशाची भीती आहे. त्यानं सगळं घर मुठीत धरलं होतं, ते मूठ उघडली तर सांडेल म्हणून.

यमुनालाही ते दिसलं असावं. तिचाही आवाज उतरला. "चूल एकच राहील. घरात देणार. माझ्या हातानं आणून तुमच्या हातात देणार. पण मागायला येणार न्हाई, भावजी. आजपासून मागायला येणार न्हाई."

 तिचे पसरलेले हात खाली आले नाहीत.

परसूनं कार्ड पुन्हा एकदा कपाळाला लावलं आणि तिच्या पदरात ठेवलं. मग मोठ्यानं ओरडला, "सोनं वाटायला बन्नीची पानं आणायला कोण जाणार? ऊन झालं की!" आणि धोतर सावरत बाहेर पडला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात फार शिवशिवले.

पडदा पडला असं मला वाटलं होतं. तसा तो पडला नाही. धारवाडला परतल्यावर आम्ही सप्तापूरच्या एटीएमवर गेलो आणि मशीननं कार्ड वाचायलाच नकार दिला. परसूचं हळदकुंकू कार्डाच्या सोनेरी चौकोनात वाळून घट्ट बसलं होतं. मी घाबरले. नवं कार्ड मागवायचं म्हणजे पुन्हा तोच पत्ता, तोच पोस्टमन, तीच पेटी! यमुनानं पदराच्या कोरड्या टोकानं पुसून पाहिलं. जमलं नाही. तोंडाची वाफ देऊन पुसलं. पिवळा रंग हलला, गेला नाही. मग ती शेजारच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात गेली, पेन्सिलीचं खोडरबर विकत घेतलं, आणि फुटपाथवर उकिडवं बसून तो चौकोन असा अलगद घासू लागली की वाटावं, बाळाच्या डोळ्यातलं काजळ पुसते आहे. कॉलेजच्या पोरी वळून वळून बघत होत्या.

या वेळी मशीननं कार्ड ओळखलं. तिच्या मोबाइलवर आकडा आला, तो तिनं दाबला. मग माझ्याकडे वळली.

"अक्का, तोंड फिरवा."

"अग, मी..."

"फिरवा."

मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागं चार बारीक आवाज झाले. शिल्लक शून्य, असा कागद मशीननं दिला. यमुनानं तो सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वसतिगृहाच्या दिशेनं चालू लागली, संध्याकाळच्या भाज्या चिरायच्या होत्या.

पहिला पगार झाल्यावर तिनं तो एकटीनंच जाऊन काढला, मला नंतर कळलं. रविवारी ती दोघं गावी गेली. तिथं काय झालं ते धोंडिबानं मला हसत हसत सांगितलं. यमुनानं घरखर्चाच्या नोटा परसूपुढे ठेवल्या. त्यानं त्या मोजल्या, देव्हाऱ्यापुढे ठेवून नमस्कार केला आणि परत येऊन विचारलं, "किती काढलेस? मागं किती ठेवलेस?"

"भावजी," यमुना म्हणाली, "ताट वाढलंय. आमटी निवतीय."

 परसू हात धुऊन पाटावर बसला, आणि आमटी दोनदा मागून घेतली.